हे बटण तुझंच ना?

फेब्रुवारी २०२३. पुण्यात ऑफिसमध्ये दुपारची मीटिंग चालू होती आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. त्याने आप्पांचं पूर्ण नाव घेतलं, ते माझे कोण लागतात ते विचारलं. आप्पा चोर आहेत, पैसे घेऊन बसलेत, उद्यापर्यंत भरले नाहीत तर त्यांचा फोटो सगळ्यांना जाईल, एवढं सांगून त्याने एक शिवी हासडली आणि फोन ठेवला.

आप्पा माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. कोऱ्हाळे बुद्रुकला आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. वय साठीच्या पुढे, पावणेदोन एकर ऊस, दोन जर्सी गाई. सुटे नाहीत म्हणून दुकानात दहा रुपये द्यायचे राहिले, तर संध्याकाळी परत जाऊन देऊन येणारा माणूस. त्या दिवशी तसाच फोन माझ्या आईला, गावातल्या किराणा दुकानदाराला आणि आप्पांच्या लेकीच्या सासरी गेला होता. सासरी गेलेला फोन त्यांना सगळ्यात जास्त लागला.

शनिवारी मी गावी गेलो. आप्पा गोठ्यात होते. मोबाइल बंद करून गव्हाणीच्या कडेला ठेवलेला. कर्जाचं ॲप कुठून आलं असं विचारलं, तर थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आरं, तुझ्याच साइटवर बिल बघत हुतो. खाली हिरवं बटण हुतं, पुढे जा म्हणून. मला वाटलं तुझंच हाय."

साइटबद्दल आधी सांगायला हवं. आमचं गाव नीरा-बारामती रस्त्यावर, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर जगणारं. एका बाजूला सोमेश्वर कारखाना, दुसऱ्या बाजूला माळेगाव. मध्ये ऊसच ऊस. कृषी विद्यापीठाची शिफारस सांगते की आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद, १७० किलो पालाश द्या, आणि नत्र चार हप्त्यांत द्या. शिफारस चांगली आहे. पण माझ्या वडिलांकडे हेक्टर नाही, गुंठे आहेत. दुकानात नत्र मिळत नाही, युरियाची ४५ किलोची गोणी मिळते, आणि त्यात नत्र ४६ टक्के. म्हणजे एकराला सगळं नत्र युरियातूनच द्यायचं तर पावणेआठ गोण्यांच्या आसपास. हा हिशोब वडील जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीमागे करायचे आणि दरवर्षी चुकायचे. चूक बहुतेक वेळा जास्तीच्या बाजूलाच असायची.

इंजिनिअरिंग संपवून नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी मी एक साधी मराठी साइट बनवली. गुंठे टाका, लागणीची तारीख टाका, वाण निवडा (८६०३२ की २६५), आणि कोणत्या आठवड्यात कोणतं खत किती गोण्या ते बघा. नंतर दुसरं पान वाढवलं: टन टाका, दर टाका, सोसायटीचं कर्ज टाका, हातात किती येईल ते बघा. लॉगिन नाही, नोंदणी नाही, फुकट. व्हॉट्सॲपवरून ती वडगाव निंबाळकरला गेली, पणदऱ्याला गेली, नदीपलीकडे फलटण तालुक्यात गेली, मग कुठे कुठे गेली ते मलाही कळलं नाही. लोक वाढले तसा सर्व्हरचा खर्च वाढला. म्हणून जाहिराती लावल्या. इथपर्यंत मला कसलाही नैतिक प्रश्न पडला नव्हता, आणि माझ्या जागी तुम्हालाही पडला नसता.

पुढचं सांगायला जरा अवघड आहे. खर्च भागवायला महिन्याला हजारेक रुपये पुरत होते. गळीत हंगामात सात-आठ हजार यायला लागले. सकाळी दात घासायच्या आधी मी डॅशबोर्ड उघडायला लागलो. बिलाच्या पानाला खताच्या पानापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात हे लक्षात आलं. मग मी ते पान दोन पानांत तोडलं. आधी माहिती भरा, मग "निकाल पाहा" दाबा, मग पुढच्या पानावर आकडा. शेतकऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. जाहिराती मात्र दुप्पट दिसत होत्या. त्यानंतर मी जाहिराती पुरवणारी कंपनीही बदलली. पहिली कंपनी फार नियम सांगायची. दुसरी जास्त पैसे द्यायची आणि कमी प्रश्न विचारायची. ती कोणती ते सांगत नाही. अशा कंपन्या पुष्कळ आहेत, आणि तिच्याकडे मी माझ्या पायांनी गेलो होतो.

म्हणजे "पुढे जा" असं लिहिलेल्या बटणावर विश्वासाने बोट ठेवायची सवय आप्पांना मीच लावली होती. जाहिरातवाल्याने फक्त तिच्याशेजारी आपलं बटण मांडलं.

ते ॲप पाच हजार मंजूर करायचं, हातात तीन हजार शंभर द्यायचं आणि सात दिवसांनी पाच हजार मागायचं. आप्पांनी पहिले फेडले. मग तोच आकडा पुन्हा खात्यात आला, त्यांनी न मागता. असं करत दीड महिन्यात सतराएक हजार गेले. आम्ही १९३० वर तक्रार केली, बँकेत जाऊन आलो. त्याच महिन्यात केंद्र सरकारने ९४ कर्ज-ॲप्स बंद करायची कारवाई केल्याची बातमी आली. पुढे गूगलनेही आपल्या प्ले स्टोअरवरच्या कर्ज-ॲप्सना फोनमधले नंबर आणि फोटो वाचायला बंदी घातली. फोन हळूहळू थांबले. आप्पा मात्र महिनाभर पारावर बसायला गेले नाहीत.

त्या शनिवारी रात्री मी डॅशबोर्डवर मागे जाऊन आप्पांनी पहिल्यांदा बटण दाबलं तो दिवस शोधला. त्या दिवशीची माझी एकूण कमाई होती दोनशे चौदा रुपये. त्यातले आप्पांचे किती, हे कळायची सोय नाही. वीस असतील, चाळीस असतील.

ऑफिसातल्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "क्लिक त्यांनी केलं, परवानगी त्यांनी दिली, तू फक्त जागा दिलीस." हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. जागा देणं हा जुना व्यवहार आहे. आमच्या घराची एक भिंत रस्त्याकडे आहे. मी शाळेत असताना रंगारी यायचे, भिंत फुकटात रंगवून द्यायचे आणि वर सिमेंटची नाहीतर पाइपची जाहिरात काढायचे. एकदा तंबाखूची जाहिरात घेऊन आले. वडिलांनी नको म्हटलं. वडील स्वतः दिवसातून दहादा तंबाखू मळतात. रंगाऱ्याने तेच बोलून दाखवलं तर म्हणाले, "खायाचं ते मी खातो, भिंतीवर कशाला?" सिमेंट खराब निघालं असतं तरी कुणी वडिलांना जाब विचारला नसता. पण तंबाखूची जाहिरात भिंतीवर दिसली असती, तर शाळेच्या गुरुजींनी नक्की विचारलं असतं. भिंत एकच होती, सगळ्यांना सारखी दिसत होती आणि ती कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या भिंतीचं तसं नाही. पान उघडताना डोळ्याचं पातं लवायच्या आत एक लिलाव होतो. बघणारा साधारण कुठला आहे, फोन कोणता आहे, याआधी त्याने काय काय शोधलंय, पानावर कोणते शब्द आहेत, एवढी माहिती बोली लावणाऱ्यांपुढे जाते आणि जो जास्त देतो त्याची जाहिरात लागते. मला खताची जाहिरात दिसते, माझ्या बहिणीला कुर्त्याची, आप्पांना कर्जाची. भिंत माझी, पण आप्पांच्या बाजूने तिच्यावर काय रंगवलंय ते मी कधी पाहिलेलंच नव्हतं. पाहू शकलो असतो का? थोडंफार नक्की. कोणत्या प्रकारच्या जाहिराती नकोत ते सांगायची सोय होती. ती यादी मी कधी उघडलीच नव्हती.

आणि बोली कुणावर जास्त लागते? कर्ज देणाऱ्याला सुखी माणसाचं काही काम नाही. ज्याच्या पडद्यावर बिल, कर्ज, हप्ता, बाकी हे शब्द आहेत, तो त्याच्या कामाचा. कायद्याने ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे पैसे मिळायला हवेत, पण बिल कधी येणार हा उसाच्या गावांतला बारमाही प्रश्न आहे. आलं तरी सोसायटीचं कर्ज आधी वळतं होतं. अशा वेळी माणूस माझ्या पानावर येतो, आकडे भरतो आणि अपेक्षेपेक्षा कमी आकडा बघतो. त्याच क्षणी त्याच्या बोटाची किंमत बाजारात सगळ्यात जास्त असते. माझं बिलाचं पान जास्त कमावत होतं ते याच कारणाने. डॅशबोर्डवर त्याला छान शब्द होता, "चांगली कामगिरी करणारं पान".

आमच्याकडे कपातीची भाषा सगळ्यांना कळते. उसाच्या बिलातून टनामागे काही ना काही कापलं जातं, कधी ठेव म्हणून, कधी कुठल्या निधीसाठी. त्यावरून वार्षिक सभेत खडाजंगी होते, माइक ओढले जातात, कधी खुर्च्याही सरकतात. पण कपात बिलावर छापलेली असते, आणि ज्याचा ऊस जास्त त्याची कपात जास्त. माझ्या फुकट साइटवरही कपात होतीच. फक्त ती छापलेली नव्हती, आणि ज्याची नड जास्त त्याची कपात जास्त होती. दोनशे जण फुकटात गोण्या मोजून जात होते. त्यांच्या वाटचे पैसे त्या दोनशेंतला एक अडलेला माणूस भरत होता, आणि ते त्यालाही माहीत नव्हतं. "सगळ्यांसाठी मोफत" असं मी साइटच्या डोक्यावर लिहिलं होतं. ते खरं नव्हतं.

हा धोका काही मी शोधून काढलेला नाही. १९९८ मध्ये सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या सर्च इंजिनवर जो निबंध लिहिला, त्याच्या परिशिष्टात त्यांनीच म्हटलं होतं की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन वाचकापेक्षा जाहिरातदाराकडे झुकणार. दोनच वर्षांनी त्यांच्या गूगलने जाहिराती विकायला सुरुवात केली आणि २००३ मध्ये ॲडसेन्स आणून इतरांच्या साइटवरही त्या लावायची सोय केली. मला यात ढोंग दिसत नाही. मीही आधी सर्व्हरचाच खर्च बघत होतो.

मग जाहिराती स्वतः निवडून घ्याव्यात, वडिलांसारख्या? हा मार्ग मी करून पाहिला. एका मोठ्या गावातला खत दुकानदार वर्षाला दहा हजार द्यायला तयार झाला. ओळखीचा माणूस, चहा पाजला, साइटचं कौतुक केलं. मग म्हणाला, "ते पावणेआठ वगैरे कशाला दाखवतो? सरळ नऊ गोण्या कर. पीक जोमात येतं." शिवाय तिसऱ्या हप्त्याबरोबर त्याच्याकडचं एक टॉनिक सुचवायचं होतं. मी उठलो. पण परतताना गाडीवर एक गोष्ट मनातून जाईना. लिलावातल्या त्या बिनचेहऱ्याच्या जाहिरातदारांनी मला कधीही आकडा बदलायला सांगितलं नव्हतं. त्यांना माझ्या गोण्यांशी देणंघेणं नव्हतं. माझ्या हिशोबाला हात घालायला आला तो ओळखीचा माणूस.

आणि निवडणाऱ्याचा हात नेहमी शुद्धच असतो असंही नाही. डॉ. आंबेडकरांचं 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघालं. त्याची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊ केले असतानाही छापली नाही. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासातली ही जाहिरात माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ती छापलीच गेली नाही. भिंत कुणाला द्यायची हे ठरवणारा माणूस तंबाखू नाकारू शकतो, तसा तो आख्खा समाजही नाकारू शकतो. माझ्या लिलावात निदान जात, गाव, कुणाची चिठ्ठी हे काही लागत नाही. कोऱ्हाळ्याच्या पोराने मराठीत खताचं गणित मांडलं तर त्यालाही पैसे मिळतात. पुण्यातल्या कुठल्या जाहिरात एजन्सीने मला दारात उभं केलं असतं का? मशीनला माणसाची किंमत नसते हे जितकं वाईट, तितकंच कधीकधी बरंही असतं. माझ्या बाबतीत दोन्ही झालं, एकाच पानावर.

तिसरा मार्ग वाचकांकडून पैसे घ्यायचा. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन'मधल्या जाहिराती १९१२ मध्ये बंद केल्या आणि पत्र वर्गणीदारांच्या आणि देणगीदारांच्या जिवावर चालवलं. विकिपीडिया आजही देणग्यांवर चालतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि त्यावर एकही जाहिरात नाही. २००२ मध्ये नुसती जाहिराती येणार अशी चर्चा झाली, तर स्पॅनिश विकिपीडियाचे बरेच लेखक उठून गेले आणि त्यांनी वेगळा विश्वकोश काढला. मीही क्यूआर कोड लावला, "जमेल ते द्या". पहिल्या महिन्यात पाचशे सत्तर रुपये आले. त्यातले पाचशे माझ्या मामाचे. पारावर विचारलं तर एकजण म्हणाला, "वर्षाला पन्नास रुपये देऊ की, पण मग चुकलं तर तुला धरणार." तो हसत म्हणाला होता, पण बोलला ते बरोबर होतं. पैसे दिले की जाब विचारता येतो. फुकट घेणारा माणूस तोंड मिटून घेतो. आप्पांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. साइट फुकट नसती, तर त्यांनी मला चांगलं झापलं असतं असं मला वाटतं, आणि ते झापणं मला आजही हवंय.

त्यांचे सतरा हजार मी देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. मी लेकीच्या मुलाच्या नावाने ठेवतो म्हटलं, तर म्हणाले, "तुझी काय चूक त्यात? आमालाच वाचता येत न्हाय नीट." हे खोटं आहे. आप्पा रोज पेपर वाचतात, अग्रलेखासकट. मी साइटच बंद करतो म्हटल्यावर मात्र चिडले. "मग गोण्या काय मी इचारायला दुकानात जाऊ?"

साइट चालू आहे. बिलाचं पान पुन्हा एक केलं आणि त्यावर एकही जाहिरात नाही. खताच्या पानावर एक आहे, जुन्या, नियम सांगणाऱ्या कंपनीची. कर्ज, झटपट कमाई, ज्योतिष असं सगळं बंद करून, आणि बटणाच्या जवळपासही नाही. तळाशी महिन्याचा जमाखर्च लिहितो: इतके आले, इतके गेले, इतके खिशातून घातले. सभेतल्या अहवालासारखा. तो कुणी वाचत असेल असं मला वाटत नाही. कमाई एक तृतीयांशावर आली आणि हंगाम नसला की दोन-तीनशे रुपये माझे जातात. हे मला परवडतं कारण मला नोकरी आहे. ज्याला नाही, त्याने काय करावं, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? साइटच ज्याचं पोट आहे, अशा पोराला बिलाचं पान रिकामं ठेव म्हणणं सोपं नाही. आणि त्या एका उरलेल्या जाहिरातीवर तरी कोण दाबतं, त्याचं पुढे काय होतं, ते मला आजही दिसत नाही.

यंदा जुलैत आडसालीची लागण झाली. मी दोन दिवस रजा काढून गेलो होतो. पहिला हप्ता टाकायचा म्हणून आप्पा बांधावर उभे राहून मोबाइलवर गुंठे भरत होते. हात लांब धरून, चष्मा कपाळावर. खाली बटण होतं, एकच. बोट त्याच्यावर नेऊन ते थांबले.

"हे तुझंच ना?"

मी हो म्हटलं. आप्पांनी पडद्याकडे पुन्हा एकदा बघितलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

"तूच दाब."